पंच्याहत्तरीची भेट आणि चार शेऱ्यांचा विक्रेता

प्रश्न : आम्ही नाशिकरोडला राहतो. माझे सासरे पोस्टाची तिकिटं छापणाऱ्या सिक्युरिटी प्रेसमधून रिटायर झाले आणि आता दिवसभर पोस्टाच्या तिकिटांचे अल्बम घेऊन बसतात. दीड महिन्याने त्यांची पंच्याहत्तरी आहे. गांधीजींचं १९४८ सालचं दहा रुपयांचं तिकीट आपल्याकडे नाही, हे त्यांनी मला आजवर वीस वेळा तरी सांगितलं असेल. ते तिकीट मला एका ऑनलाइन लिलावात सापडलं. बोली सध्या ६,२०० वर आहे, रविवारी रात्री नऊला लिलाव संपतो. विक्रेता नवा आहे, त्याला चारच शेरे आहेत, पण चारही चांगले. मी साइटवरून चौकशी केली तर त्याने व्हॉट्सॲप नंबर दिला आणि म्हणाला, "साइट फुकट कमिशन खाते. मला डायरेक्ट यूपीआय करा, ५,५०० मध्ये देऊन टाकतो आणि लिलाव बंद करतो." मिस्टर म्हणतात, त्या भानगडीत पडू नकोस. मुलगा म्हणतो, "मम्मी, बायर प्रोटेक्शन असतं, घे बिनधास्त." सासऱ्यांना विचारावं तर सरप्राइज फुटतं. काय करू?
— एक सून, नाशिकरोड

ताई,

आधी त्या ५,५०० रुपयांचं बोलू, बाकीचं रविवारपर्यंत थांबेल. ते पाठवू नका.

मुलगा ज्या बायर प्रोटेक्शनच्या भरवशावर आहे ते साइटच्या आतून दिलेल्या पैशांपुरतंच असतं. जिथे ही सोय खरोखर आहे तिथे साधारण असं चालतं : तुम्ही दिलेले पैसे साइट स्वतःजवळ धरून ठेवते, वस्तू पोचते, ठरलेल्या दिवसांत तुमची तक्रार आली नाही तर मग ते विक्रेत्याला सोडते. त्याने लिलाव मधेच बंद केला आणि तुम्ही त्याच्या नंबरवर पैसे टाकले, तर साइटच्या वहीत तुमच्या दोघांचा व्यवहार झालेलाच नाही. तक्रार कशाची घेणार ते?

बँकेत गेलात तरी फार वेगळं घडणार नाही. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं एक परिपत्रक लोक हमखास दाखवतात, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी शून्य, असं. पण ते तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून गेलेल्या पैशांबद्दल आहे. तुम्ही स्वतः पिन दाबून पाठवलेले पैसे त्यात बसत नाहीत. साइटवर क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर माल आलाच नाही किंवा भलताच आला म्हणून बँकेमार्फत चार्जबॅक, म्हणजे पैसे परत, मागता येतो. एखाद्याच्या खात्यात यूपीआयने टाकलेल्या पैशाला ही वाट नाही.

आणि त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट बघा. लिलाव चालू आहे, बोली ६,२०० वर पोचली आहे, रविवारपर्यंत अजून चढू शकते. अशा वेळी कोणी स्वतःहून सातशे रुपये सोडून लिलाव गुंडाळत असेल, तर त्याला तिकीट विकण्यापेक्षा तुम्हाला साइटबाहेर काढायची घाई जास्त आहे. कमिशन वाचवायला सरळ माणसंही असं विचारतात, मला मान्य आहे. पण कमिशन वाचतं त्याचं आणि उघड्यावर पडता तुम्ही.

तुम्ही नाशिक जिल्ह्यातल्या, तुम्हाला लिलाव काय असतो हे मी सांगायला नको. लासलगावला नाहीतर पिंपळगावला कांद्याचा ट्रॅक्टर रांगेत लागतो, व्यापारी ट्रॉलीत हात घालून आतला कांदा काढून बघतो, मग बोली लागते. एवढं बघूनही खळ्यावर ट्रॉली रिकामी करताना खालून बारका नाहीतर सडका माल निघाला तर व्यापारी वांधा काढतो. वांधा मिटवायला बाजार समिती असते. व्यापाऱ्याकडे समितीचं लायसन असतं, त्याचं नाव-गाव, गाळा सगळ्यांना माहीत असतो. इतकं असूनही शेतकऱ्यांचे पैसे अडकल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तुमच्या लिलावात माल हाताने बघायचा नाही आणि माणूसही बघायचा नाही. वांधा काढायला जागा एकच, ती साइट. आणि हे गृहस्थ तुम्हाला नेमके तिथूनच बाहेर बोलावताहेत.

तरीपण नवा म्हणजे लबाड, असं मी म्हणणार नाही. कोणीतरी पहिल्यांदा विकायला बसतंच. २००६ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन प्रयोग मला फार आवडतो. ईबेवर जुनी पोस्टकार्डं विकणाऱ्या एका नावाजलेल्या विक्रेत्याने सारखाच माल काही वेळा आपल्या जुन्या खात्यावरून आणि काही वेळा नव्याने उघडलेल्या खात्यांवरून विकला. माणूस तोच, पोस्टकार्डं तशीच. जुन्या नावाला लोक सरासरी ८.१ टक्के जास्त द्यायला तयार होते. म्हणजे नवख्याकडून थोडं स्वस्त मिळणं साहजिकच आहे, शंभराला आठ-दहा रुपये. एखादं चांगलं तिकीट निम्म्या भावात मिळायला लागलं तर मात्र त्याचं कारण नवखेपणा नसतं.

त्याचे चार शेरे मोजू नका, उघडून वाचा. ते विकल्याबद्दल मिळालेत की विकत घेतल्याबद्दल? कित्येक साइटवर दोन्ही एकाच आकड्यात दाखवतात. चार मोबाइल कव्हरं विकत घेऊन वेळेवर पैसे देणाऱ्यालाही चार चांगले शेरे मिळतात, त्यावरून त्याला तिकिटातलं काय कळतं ते कळत नाही. चारही एकाच आठवड्यातले आहेत का, तेही बघा. शेऱ्यांची ही पद्धत ईबेने १९९६ मध्ये सुरू केली. २००८ मध्ये विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाला वाईट शेरा द्यायची सोयच त्यांनी बंद केली, कारण तू मला वाईट लिहिलंस तर मीही तुला लिहीन, या धाकाने लोक खरं लिहायला कचरत होते. तेव्हा पाटीवरच्या आकड्यावर पूर्वीही कोणी डोळे मिटून विसंबत नव्हतं.

आपल्याकडे २००० च्या सुमारास बाझी डॉट कॉम आली, २००४ मध्ये ती ईबेने घेतली. त्यांची पैसापे म्हणून एक व्यवस्था होती, त्यात गिऱ्हाइकाचे पैसे थेट विक्रेत्याकडे न जाता मधे थांबायचे. ऑगस्ट २०१८ मध्ये ईबे इंडिया बंद झाली. आता तिकिटं, नाणी, जुन्या नोटा यांचे लिलाव लहानमोठ्या साइटवर, फेसबुक ग्रुपांत, व्हॉट्सॲपवर विखुरलेत आणि प्रत्येकाचं शास्त्र निराळं. म्हणून बायर प्रोटेक्शन हे शब्द दिसले म्हणून खूश होऊ नका. त्या साइटचं नियमांचं पान मुलाला वाचायला लावा. पैसे कोण धरून ठेवतं? वस्तू नकली निघाली तरी ते पैसे परत देतात, की फक्त पोचलीच नाही तर? परत पाठवायचा खर्च कोणाचा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तक्रारीला किती दिवस?

या शेवटच्या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तिथे मी स्वतः आपटलोय.

माझ्या मोठ्या भावाकडे कॉलेजात असताना एचएमटीचं जनता घड्याळ होतं, चावीचं. ते एसटीत हरवलं. त्याच्या साठीला तसंच द्यायचं म्हणून मी एका लिलावाच्या साइटवर शोधून घेतलं. विक्रेता नवा होता, फोटो झकास होते. पार्सल आलं, मी वरून उघडून घड्याळ आहे ना एवढं बघितलं, टिकटिक ऐकली आणि खोकं कपाटात टाकलं. साठीच्या दिवशी भावाने घड्याळ आधी कानाला लावलं, मग चष्मा वर सरकवून डायल अगदी डोळ्याजवळ नेली आणि हसायला लागला. डायल कुणीतरी नव्याने रंगवलेली होती. बाराचा आकडा किंचित कलता, मिनिटांच्या रेघा कुठे जाड कुठे बारीक, आणि खालची अक्षरं तर आमच्या गल्लीतल्या पेंटरने काढल्यासारखी. त्याच रात्री मी तक्रार टाकायला बसलो. मुदत संपून अकरा दिवस झाले होते. साइटचं उत्तर सभ्य होतं, पण पैसे गेले ते गेलेच.

तुमचा बेत हुबेहूब तसाच आहे. तिकीट आठवड्यात येणार, तुम्ही ते दीड महिना साड्यांच्या घडीत लपवणार आणि पंच्याहत्तरीला उघडणार. ईबेसारख्या मोठ्या साइटची पैसे परतीची हमीसुद्धा साधारण ३० दिवसांची असते, इतरांची त्याहून कमी असू शकते. तुमचे सासरे भिंग लावून "अगं, हे नकली आहे" म्हणतील त्या दिवशी तुमच्या हातात फक्त रिकामं पाकीट असेल. आणि ते म्हणतीलच. प्रेसमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातात हे तिकीट पडणार आहे.

कारण गांधीजींचं दहा रुपयांचं हे तिकीट नकलांसाठी प्रसिद्ध आहे. १५ ऑगस्ट १९४८ ला दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी चार तिकिटं निघाली. गंमत म्हणजे ती आपल्या नाशिकला छापलेली नाहीत, स्वित्झर्लंडमध्ये फोटोग्राव्युअर पद्धतीने छापून आणली. नकला सहसा साध्या ऑफसेट छपाईच्या असतात. दहापट भिंगाखाली धरलं की ऑफसेटमध्ये रंगाचे सुटे-सुटे ठिपके फुलाच्या नक्षीसारखे दिसतात; अस्सल तिकिटात ती नक्षी नसते, छटा सलग वाटते. दुसरी खूण कडेच्या दातांची. अस्सल तिकिटाला दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा छिद्रं, त्यासाठी पर्फोरेशन गेज नावाची पट्टी मिळते, सासऱ्यांच्या खणात ती असणारच. आणि कोणी तुम्हाला याच तिकिटावर 'सर्व्हिस' असा छाप मारलेलं दाखवलं तर नमस्कार करून पुढे चला. तशी तिकिटं शंभरच छापली होती, त्यातली चार जोडलेली एक पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना गेली.

बोली लावण्याआधी विक्रेत्याला साइटच्याच मेसेजमध्ये लिहा, व्हॉट्सॲपवर नको. तिकीट आजच्या पेपरवर, तारीख दिसेल असं ठेवून फोटो मागा, म्हणजे ते त्याच्याकडे आहे एवढं तरी कळेल. मागच्या बाजूचाही मागा. कोऱ्या तिकिटाची किंमत डिंकावर आणि हिंजच्या, म्हणजे अल्बममध्ये डकवायच्या कागदी पट्टीच्या, खुणेवर ठरते. शक्य असेल तर तिकिटाशेजारी गेज ठेवूनही एक फोटो मागा. खरा विक्रेता, नवा असला तरी, दहा मिनिटांत हे करतो. "मला यातलं फारसं कळत नाही, आजोबांच्या अल्बममधून निघालं, आहे तसं घ्या" असं उत्तर आलं तर सावध व्हा. कधी ते खरं असतं, पण बऱ्याचदा उद्या नकली निघाल्यावर हात वर करायची ती आधीच केलेली सोय असते. त्याला सरळ विचारा : तिकीट अस्सल नाही ठरलं तर परत घ्याल का? हो म्हणाला तर ते वाक्य साइटच्या मेसेजमध्ये राहतं. पुढे वांधा काढायची वेळ आली तर ते कामी येतं.

या आजोबांच्या अल्बमला कायद्यातही एक बाजू आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटला विक्रेत्याचं नाव, पत्ता, तक्रार अधिकारी हे दाखवावं लागतं, तक्रार ४८ तासांत पोचल्याचं कळवावं लागतं आणि महिन्याभरात निकाली काढावी लागते. पण एखादा माणूस धंदा म्हणून नव्हे, स्वतःची एखादी वस्तू सहज विकत असेल तर त्याच्या त्या विक्रीला हे नियम लागत नाहीत. म्हणजे तुमचा विक्रेता खरोखरच नातू असेल तर तुमचं भांडण प्रामुख्याने साइटशी राहतं. ती साइट हीच तुमची भिंत, म्हणून तिच्या आत राहा.

बोलीचा आकडा आज, शांत डोक्याने, कागदावर लिहून ठेवा. बहुतेक साइटवर तुमची कमाल रक्कम एकदाच टाकली की ती लागेल तेवढीच बोली वाढवत जाते. रविवारी पावणेनऊला मोबाइल धरून बसू नका, त्या पंधरा मिनिटांत भल्याभल्यांचं डोकं फिरतं. तुमच्याविरुद्ध कोण बोली चढवतंय तेही बघा. एखादं खातं फक्त याच विक्रेत्याच्या वस्तूंवर बोली लावत असेल आणि कधीच जिंकत नसेल, तर ते त्याचंच दुसरं तोंड असू शकतं. लिलाव हरलात आणि सोमवारी ईमेल आला की जिंकणारा मागे हटला, तुमच्या भावाने देतो, या लिंकवर पैसे भरा, तर ती लिंक उघडू नका. अशी संधी खरी असेल तर साइटवरच्या तुमच्या खात्यात दिसेल.

जिंकलात, साइटवर कार्डाने पैसे भरलेत, आता पाकीट. ट्रॅकिंगवर "नाशिक, डिलिव्हर्ड" दिसलं आणि घरी काहीच आलं नाही, तर थांबू नका. रिकामं पाकीट त्याच शहरातल्या भलत्या पत्त्यावर पाठवून पोच दाखवायची ही जुनी युक्ती आहे. पोस्टातून कोणत्या पत्त्यावर, कोणाच्या सहीने दिलं ते लेखी घ्या. आणि विक्रेता व्हीपीने पाठवतो म्हणाला तर हुरळून जाऊ नका. व्हीपीत पोस्टमनला पैसे आधी, पाकीट नंतर उघडायचं. आमच्या काकांनी अशीच रेडिओची व्हीपी सोडवली होती, आतून फडक्यात गुंडाळलेली वीट निघाली. ती वीट पुढे बरीच वर्षं अंगणातल्या तुळशीपाशी होती.

पाकीट हातात आलं की दुपारीच, सासरे झोपलेले असताना, मुलाला मोबाइल धरायला लावा. न थांबता एकच व्हिडिओ : पाकिटाच्या दोन्ही बाजू, पत्ता, ट्रॅकिंग नंबर, चिकटवलेली कड शाबूत असलेली, मग कात्री, मग आतला प्लास्टिकचा खिसा. तिकीट बोटाने उचलू नका, चिमट्यानेच. मग तुमच्या सासऱ्यांचा प्रेसमधला एखादा जुना सहकारी गाठा. नाशिकरोडला अशी माणसं गल्लीगल्लीत आहेत. शपथ घालून त्याला तिकीट दाखवा. त्याने शंका काढली तर त्याच दिवशी साइटवर तक्रार, व्हिडिओ आणि फोटोंसकट. विक्रेता फोनवर "मी बघतो, तक्रार मागे घ्या, पैसे पाठवतो" म्हणाला तरी पैसे खात्यात दिसेपर्यंत मागे घेऊ नका. एकदा बंद केलेली तक्रार बऱ्याच ठिकाणी पुन्हा उघडत नाही.

साइटने दाद दिली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्याने तुम्हाला नाशिकच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, विक्रेता कोलकात्याचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. तुम्ही भेट म्हणून घेताय, पुन्हा विकायला नाही, त्यामुळे ग्राहक म्हणून तुमची बाजू सरळ आहे. आणि यातलं काही वाचायच्या आधीच तुम्ही ते ५,५०० पाठवून बसला असाल, आणि तो गायब झाला असेल, तर आत्ता हे वाचणं सोडून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता आले तर येतात, तासातासाने ती शक्यता कमी होते. पूर्वी ज्याला आपण चारशेवीस म्हणायचो तो गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे, पोलिसांत तसं सांगा.

आता माझं मत विचाराल तर, हा विक्रेता सोडा. साधं दहा रुपयांचं गांधी तिकीट दुर्मीळ नाही, ते लिलावात पुन्हा पुन्हा येतं. जुन्या, नावाच्या व्यापाऱ्याकडून तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रासह घ्या, चार पैसे जास्त जातील. बजेट तेवढं नसेल तर पोस्टाचा शिक्का पडलेलं, वापरलेलं घ्या. आणि याच माणसाकडून घ्यायची फार इच्छा असेल तर आधी त्याचा शे-दीडशे रुपयांचा एखादा लॉट घेऊन बघा, कसा पॅक करतो, किती दिवसांत पाठवतो, वर्णनाप्रमाणे निघतो का.

अजून एक सुचतंय. १ ऑक्टोबर १९५२ ला संत आणि कवींची सहा तिकिटं निघाली, कबीर, तुलसीदास, मीराबाई, सूरदास, गालिब आणि टागोर. नाशिकच्या प्रेसमध्ये फोटोग्राव्युअरवर छापलेली ती पहिली तिकिटं. तुमच्या सासऱ्यांना ज्यांनी काम शिकवलं असेल त्या पिढीच्या हातची. हा सहाचा संच गांधीजींच्या दहा रुपयांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. त्यांच्याकडे तो पूर्ण, कोरा आहे का, हे खुशाल त्यांनाच विचारा. सरप्राइज फुटणार नाही. ते विषय फिरवून पुन्हा गांधीजींवरच येतील.